दिपवणारी जहाजे : एका अव्हेरलेल्या ध्वनिमुद्रिकेचे पुनर्श्रवण

(द्वितीय वर्ष, कला)

एखादी कलाकृती जन्माला येते त्या दिवशी तिच्याविषयी जे बोलले जाते, तेच तिच्याविषयीचे अखेरचे मत असते काय? समीक्षेच्या तासाला सरांनी हा प्रश्न आम्हाला घातला आणि प्रत्येकाने एकेक उदाहरण घेऊन टिपण लिहावे असे सांगितले. मराठीच्या विद्यार्थ्याला हा प्रश्न अगदीच नवा नाही. बा. सी. मर्ढेकरांच्या 'काही कविता' १९४७ साली प्रसिद्ध झाल्या तेव्हा त्यांच्यावर दुर्बोधतेचा आरोप झाला, अश्लीलतेचाही झाला, प्रकरण न्यायालयापर्यंत गेले; आणि आज त्याच कवितांवाचून आपल्या नवकाव्याचा इतिहास लिहिता येत नाही. वर्गातील बहुतेकांनी मर्ढेकरच घेतले. माझ्या वाट्याला मात्र, काहीशा अपघातानेच, एक इंग्रजी ध्वनिमुद्रिका आली.

माझा मामेभाऊ मुंबईत ध्वनिमुद्रणाच्या कामात आहे. टिपणासाठी विषय शोधते आहे असे त्याला सांगितले तेव्हा त्याने माझ्या फोनवर 'डॅझल शिप्स' नावाची ध्वनिमुद्रिका पाठवली आणि एवढेच सांगितले, "दोनदा ऐक. एकदा ऐकून मत देऊ नकोस." मी एकदा ऐकली आणि मत देऊन मोकळी झाले. कुठे घड्याळाचे आवाज, कुठे भोंगे, कुठे आकडे मोजणारी माणसे. गाणे सुरू होते आहे असे वाटावे तोच ते संपावे. याला संगीत कसे म्हणावे, असेच मला वाटले. पुढे वाचन केले तेव्हा कळले की १९८३ साली पुष्कळ इंग्रज समीक्षकांनाही साधारण असेच वाटले होते. आपले मत जाणकारांच्या मताशी जुळले याचा मला त्या दिवशी थोडा अभिमानही वाटला. तो अभिमान पुढे कसा गळाला, हेच या लेखात सांगावयाचे आहे.

पूर्वपीठिका

लिव्हरपूल शहरासमोर, मर्सी नदीच्या पलीकडे विरल नावाचे द्वीपकल्प आहे. तेथील अँडी मॅक्क्लस्की आणि पॉल हम्फ्रीज या दोन तरुणांनी १९७८ साली 'ऑर्केस्ट्रल मनूव्हर्स इन द डार्क' या लांबलचक नावाचा वाद्यवृंद काढला. लोक त्याला ओ.एम.डी. असे आटोपशीर नावाने ओळखतात. नावात वाद्यवृंद असला तरी प्रारंभी रंगमंचावर हे दोघे आणि एक टेपरेकॉर्डर एवढाच पसारा होता. १९७५ साली जर्मनीच्या 'क्राफ्टवेर्क' या गटाचा कार्यक्रम मॅक्क्लस्कीने लिव्हरपूलमध्ये पाहिला आणि गिटारवाचूनही, केवळ विद्युत्यंत्रांच्या साहाय्याने, गाणे करता येते हे त्याच्या मनाने घेतले. सिंथेसायझर या वाद्यावर आधारलेल्या अशा लोकप्रिय गाण्यांना पुढे सिंथ-पॉप हे नाव पडले.

या गटाला यश फार लवकर मिळाले. हिरोशिमावर बॉम्ब टाकणाऱ्या विमानाचे नाव धारण करणारे 'एनोला गे' हे त्यांचे गाणे १९८० साली गाजले. १९८१ सालच्या 'आर्किटेक्चर अँड मोरॅलिटी' या ध्वनिमुद्रिकेतील तिन्ही सुटी गाणी ब्रिटनमध्ये पहिल्या पाचांत पोहोचली. त्यांतले 'मेड ऑफ ऑर्लिन्स' तर १९८२ साली जर्मनीत सर्वाधिक खपलेले सुटे गाणे ठरले. ध्वनिमुद्रिकेच्या लाखो प्रती खपल्या. आता पुढची ध्वनिमुद्रिकाही तशीच करावी, अशी सर्वांची अपेक्षा असणे स्वाभाविक होते.

परंतु यशानंतर या दोघांची लेखणी अडली. काय लिहावे हेच सुचेना. त्यातच मनात एक वेगळी ओढ होती. आपल्याला 'ॲबा'सारखी सर्वांच्या ओठी बसणारी गाणीही करायची आहेत आणि श्टॉकहाउझेनसारखे ध्वनीचे धाडसी प्रयोगही करायचे आहेत, असे मॅक्क्लस्की म्हणत असे. या ओढाताणीतून मार्च १९८३ मध्ये 'डॅझल शिप्स' बाहेर आली. ती ब्रिटनच्या यादीत पाचव्या क्रमांकापर्यंत गेली, पण तो आधीच्या पुण्याईचा परिणाम म्हणावा लागेल. 'जेनेटिक इंजिनिअरिंग' हे तिच्यातील पहिले सुटे गाणे विसाव्या क्रमांकावर थांबले, दुसरे 'टेलिग्राफ' बेचाळिसाव्या. आधीच्या ध्वनिमुद्रिकेच्या तुलनेत खप सुमारे एकदशांशावर आला.

जहाजांची गोष्ट

या नावाचा अर्थ समजून घेतल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. पहिल्या महायुद्धात जर्मन पाणबुड्यांनी ब्रिटनची जहाजे मोठ्या संख्येने बुडवली. उघड्या समुद्रावर जहाज लपवता येत नाही; आकाशाचा रंग घटकेघटकेला बदलतो. तेव्हा १९१७ साली नॉर्मन विल्किन्सन या चित्रकाराने एक अजब तोड काढली. जहाज लपवायचेच नाही; उलट त्याच्या अंगावर काळ्यापांढऱ्या, निळ्याहिरव्या आडव्यातिडव्या पट्ट्यांची अशी नक्षी काढायची की पाहणाराची नजरच फसावी. पाणबुडीतला अधिकारी पेरिस्कोपमधून जहाजाची दिशा, वेग आणि अंतर यांचा अंदाज बांधतो आणि जहाज काही क्षणांनी जेथे पोहोचेल असे त्याला वाटते तेथे पाणतीर सोडतो. नक्षीमुळे जहाजाचा रोख कोणीकडे आहे हेच कळेना, म्हणजे नेम चुकणार! ब्रिटनची दोन हजारांहून अधिक जहाजे अशी रंगवली गेली. या युक्तीने जहाजे खरोखर किती वाचली याचा निर्विवाद पुरावा मिळाला नाही, मात्र खलाशांचे मनोधैर्य त्यामुळे वाढले असे आढळून आले.

लिव्हरपूलच्या गोदीत या रंगकामावर देखरेख करणाऱ्यांत एडवर्ड वॉड्सवर्थ हा चित्रकार होता. त्याने १९१९ साली अशाच एका जहाजाचे मोठे चित्र काढले. ते आज कॅनडातील ओटावा येथील राष्ट्रीय कलादालनात आहे. ओ.एम.डी.साठी आवरणे तयार करणारा पीटर सॅव्हिल याने हे चित्र सुचवले आणि त्यावरून ध्वनिमुद्रिकेचे नाव व आवरण सिद्ध झाले. लिव्हरपूलच्या तरुणांनी लिव्हरपूलच्याच गोदीतली एक विसरलेली गोष्ट अशी उचलली.

मला तर असे वाटते की, समीक्षकांचे जे झाले ते या नावातच लिहून ठेवलेले होते. त्यांनी आधीच्या ध्वनिमुद्रिकेवरून या गटाचा रोख ठरवला, तो पुढे जेथे असेल असे त्यांना वाटले तेथे नेम धरला, आणि जहाज तेथे नव्हतेच.

ध्वनिमुद्रिकेत आहे तरी काय?

एकूण बारा तुकडे, आणि सारा कालावधी जेमतेम पस्तीस मिनिटांचा. त्यांतले निम्मे सरळ गाणी म्हणता येतील असे आहेत. उरलेले ध्वनींची जुळवाजुळव आहेत. आरंभी आहे 'रेडिओ प्राग', म्हणजे चेकोस्लोव्हाकियाच्या परदेशी प्रसारणाची ओळखधून. पोलादी पडद्याच्या पलीकडचे एक केंद्र या गटाने आपल्या ध्वनिमुद्रिकेच्या उंबरठ्यावरच आणून बसवले आहे. 'टाइम झोन्स'मध्ये निरनिराळ्या देशांतील दूरध्वनीवर वेळ सांगणारे आवाज एकात एक मिसळले आहेत. 'एबीसी ऑटो-इंडस्ट्री'मध्ये माणसे अक्षरे आणि आकडे उच्चारीत राहतात, जणू कारखान्यातली साखळी चालली आहे. शीर्षकतुकड्यात भोंगे, यंत्रांची घरघर आणि पाण्याखालच्या प्रतिध्वनीचे ठोके आहेत. 'जेनेटिक इंजिनिअरिंग'मध्ये मुलांना स्पेलिंग शिकवणाऱ्या एका बोलक्या खेळण्याचा आवाज वापरला आहे.

या सर्वांसाठी त्यांनी दोन यंत्रांची विशेष मदत घेतली. एक मेलोट्रॉन. त्याच्या प्रत्येक पट्टीखाली ध्वनिफितीचा एक तुकडा असतो, पट्टी दाबली की त्यावर मुद्रित केलेला स्वर वाजतो. दुसरे एम्युलेटर, जे बाहेरचा कोणताही आवाज पकडून पट्ट्यांवर वाजवू देते. थोडक्यात, जगातला कोणताही आवाज आता स्वर होऊ शकत होता. आज फोनवरही हे साधते, त्यामुळे त्यातले धाडस आपल्या ध्यानात येत नाही.

पण केवळ यंत्रांची गंमत म्हणून हे सोडून देता येत नाही, याचे कारण 'इंटरनॅशनल' हे गाणे. त्याच्या प्रारंभी बातमीचा एक तुकडा आहे : निकाराग्वातील एका मुलीचे दोन्ही हात सोमोझाच्या माजी सैनिकांनी मनगटापासून तोडले. बातमी संपते आणि संथ, शोकाकुल गाणे सुरू होते. मी पहिल्यांदा ऐकले तेव्हा ही बातमी माझ्या कानावरून गेलीच नव्हती. गाणे कधी सुरू होते याची वाट पाहण्यात मी गुंग होते. बातम्यांचे आपल्या सर्वांचे असेच नाही का होत? ही ध्वनिमुद्रिका जर कशाविषयी असेल तर ती याविषयी आहे : संदेश पाठवण्याची साधने वाढली, रेडिओ आले, तारा आल्या, दुर्बिणी आल्या, तरी माणसाचे दुःख माणसापर्यंत पोहोचते का?

आबांचे कान

हे मला कोणत्या पुस्तकाने शिकवले नाही. दिवाळीच्या सुटीत घरी गेले होते. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. माझे आजोबा, म्हणजे आमचे आबा, चौथीपर्यंत शिकलेले. त्यांचा जुना ट्रान्झिस्टर आता कपाटावर पडून असतो, पण एके काळी रात्री जेवणे झाली की ते लघुलहरींवर काटा फिरवीत बसत. सिलोन लागे, कधी कुठल्या तरी परक्या भाषेतले केंद्र लागे, आणि समजत नसले तरी ते ऐकत राहत, असे आजी सांगते.

गंमत म्हणून मी आबांच्या कानाला इयरफोन लावून 'रेडिओ प्राग' ऐकवले. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "टेशन लागलं."

मला जो गोंगाट वाटला होता, तो त्यांना केंद्र सापडल्याचा आनंद वाटला. त्यांना इंग्रजी येत नाही, सिंथ-पॉप हा शब्दही ठाऊक नाही. पण दूरवरून येणारा आवाज खरखरीतून वेगळा काढण्याची सवय त्यांच्या कानांना होती, ती माझ्या कानांना नव्हती. मी संगीत ऐकत होते. ते जग ऐकत होते. मग 'टेलिग्राफ' या गाण्याच्या नावाचा अर्थ सांगितला तेव्हा आजी म्हणाली, "तार आली म्हटलं की आधी रडायचं, मग वाचायची." आपल्या देशातली तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, मी तार कधी पाहिलीही नाही. त्या रात्री मी सगळी ध्वनिमुद्रिका पुन्हा ऐकली, काटा हळूहळू फिरवावा तशी. आणि या वेळी बारा तुकड्यांत मला एक धागा दिसला. गाण्यांच्या मधले ते तुटक आवाज म्हणजे दोन केंद्रांमधली जागा होती.

समीक्षक सर्वस्वी चुकले का?

तथापि, समीक्षकांना मूर्ख ठरवून मोकळे होणे सोपे असले तरी न्याय्य होणार नाही. त्यांच्या आक्षेपांत तथ्य होते. 'द रोमान्स ऑफ द टेलिस्कोप' आणि 'ऑफ ऑल द थिंग्ज वुइव्ह मेड' ही दोन गाणी आधीच सुट्या तबकड्यांच्या दुसऱ्या बाजूंवर येऊन गेली होती. 'रेडिओ वेव्ह्ज' तर त्यांच्या आधीच्या गटाच्या काळातले. नवे साहित्य अपुरे होते, हे सरळ दिसते. काही तुकड्यांत कल्पना एकच आहे आणि ती अर्ध्या मिनिटात संपते. पैसे मोजून घरी नेलेल्या ध्वनिमुद्रिकेत निम्मी गाणीच निघाली तर श्रोत्याने कुरकुर करू नये असे कोण म्हणेल?

त्यांची चूक वेगळी होती. ही ध्वनिमुद्रिका मागच्यासारखी का नाही, हा प्रश्न त्यांनी विचारला. ती काय करू पाहते आहे, हा प्रश्न विचारला नाही. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मागे पाहून देता येते. दुसऱ्यासाठी कलाकृतीपाशी थांबावे लागते, कदाचित दोनदा ऐकावे लागते.

रिमास्टर म्हणजे काय?

मार्च २००८ मध्ये या ध्वनिमुद्रिकेची रिमास्टर केलेली आवृत्ती निघाली. हा शब्द सध्या फार ऐकू येतो म्हणून मामेभावाला त्याचा अर्थ विचारला. गाणे पुन्हा गायले जात नाही, वाद्ये पुन्हा वाजवली जात नाहीत. मूळ ध्वनिफितीवरून नव्या साधनांनी पुन्हा प्रत उतरवतात, खालच्या व वरच्या पट्टीतल्या स्वरांचा तोल नव्याने साधतात, आवाजाची पातळी ठरवतात. जुन्या छायाचित्रावरची धूळ पुसावी तसे. चेहरा तोच राहतो. या आवृत्तीत सहा तुकडे जादा जोडले आहेत. त्यांत 'टेलिग्राफ'चे १९८१ साली केलेले जुने रूप आहे आणि स्विस रेडिओची ओळखधूनही आहे.

या वेळी मात्र स्वागत निराळे झाले. ज्या ध्वनिमुद्रिकेची हेटाळणी झाली होती तिला आता काळाच्या पुढची कृती म्हटले जाऊ लागले. नोव्हेंबर २०१४ मध्ये ओ.एम.डी.ने लिव्हरपूलच्या संग्रहालयात, मर्सीच्या काठावर, ती वाजवून दाखवली. २०२३ मध्ये चाळिशीनिमित्त आणखी एक आवृत्ती निघाली. फितीवरचा एकही स्वर बदललेला नव्हता. बदलले होते ते कान. सर्व प्रकारचे आवाज, बातम्या, जाहिराती, घोषणा एकमेकींत मिसळून ऐकण्याची सवय आता साऱ्या जगालाच झाली आहे.

उशिरा मिळालेला न्याय

येथे लेख संपवला असता तर तो सुखान्त झाला असता. गुणवत्ता अखेर उजेडात येते, असे म्हणून आपण टाळ्या वाजवल्या असत्या. परंतु मधल्या पंचवीस वर्षांचे काय?

'डॅझल शिप्स'च्या अपयशाने ओ.एम.डी.चा आत्मविश्वास खचला. पुन्हा असे धाडस नको, हा धडा त्यांनी घेतला आणि तो मॅक्क्लस्कीने पुढे मोकळेपणाने सांगितलाही आहे. १९८४ सालची 'जंक कल्चर' ही ध्वनिमुद्रिका पुन्हा सर्वांना रुचेल अशी झाली. १९८६ मध्ये एका चित्रपटासाठी केलेले 'इफ यू लीव्ह' हे गाणे अमेरिकेत चौथ्या क्रमांकापर्यंत गेले. गाणी वाईट नव्हती. मीही ती आवडीने ऐकली. पण 'इंटरनॅशनल' आणि 'टाइम झोन्स' जेथे बोट दाखवीत होती, त्या दिशेला ते जहाज बरीच वर्षे गेले नाही. पाणतिराने जहाज बुडाले नाही हे खरे. त्याने वाट बदलली. २००८ साली जी स्तुती झाली ती झालेल्या ध्वनिमुद्रिकेची झाली. न झालेल्या ध्वनिमुद्रिका रिमास्टर करता येत नाहीत.

हे वाक्य लिहिताना मला आपल्या भित्तिपत्रकाची आठवण होते, आणि ती सांगितल्यावाचून हा लेख प्रामाणिक होणार नाही. गेल्या वर्षी निवड-समितीत मी होते. प्रथम वर्षाच्या एका मुलीने एक लेखन दिले. एस. टी. स्थानकावरच्या घोषणा, गाड्यांच्या वेळा, आणि मधूनमधून तिच्या आईचे फोनवरचे वाक्य : जेवलीस का, पोचलीस का, पैसे उरलेत का. एवढेच. आम्ही ते मोठ्याने वाचून हसलो आणि सर्वांत मोठ्याने मी हसले. 'ही कविता नव्हे' असा शेरा माझ्याच अक्षरात आहे. कविता म्हणजे काय हे मला नुकतेच वर्गात कळले होते. घरी कोणाला ठाऊक नसलेली एक गोष्ट मला ठाऊक झाली होती आणि तिची राखण मी करीत होते. नव्याने आत आलेला माणूसच दाराला सर्वांत घट्ट कडी लावतो, हे आता कळते.

हा लेख लिहावयास घेतल्यावर मी तिला शोधले आणि ते लेखन पुन्हा मागितले. ती म्हणाली, "ते केव्हाच फाडून टाकलं, ताई. आता मी नीट लिहिते." तिने वही दाखवली. यमके जुळलेल्या, सुबक, चार-चार ओळींच्या कविता होत्या. स्नेहसंमेलनात त्यांतली एक तिने म्हटलीही, आणि टाळ्या पडल्या.

सरांच्या प्रश्नाचे उत्तर मी टिपणात असे लिहिले आहे : पहिल्या दिवशीचे मत अखेरचे नसते, पण ते पुष्कळदा पुरेसे असते. म्हणून ते देण्याआधी दोनदा ऐकावे. या वर्षीही मी निवड-समितीत आहे. त्या मुलीला मी सांगून ठेवले आहे की स्थानकावर बसशील तेव्हा काही लिहिलेस तर आधी माझ्याकडे दे. अजून तिने काही दिलेले नाही.